टायमिंग किती?

चि. राजा,
अनेक आशीर्वाद.

दर शर्यतीनंतर तुझा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टायमिंग किती?" मी आकडा सांगते. आवडला तर तू "वा!" म्हणतोस, नाही तर "अच्छा". या वर्षभरात तुझे "अच्छा" पुष्कळ झाले. आता तू स्वतःच पहिल्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलंयस, तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर एकदा सविस्तर देऊन टाकते. फोनवर तू मधेच तोडतोस, पत्रात ती सोय नाही.

आधी अंतराचं बघू, कारण टायमिंगचे निम्मे गैरसमज तिथेच सुरू होतात. हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, मॅरेथॉनच्या ४२.१९५ चं निम्मं. ते ४२.१९५ आलं १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधून, आणि नियम म्हणून पक्कं झालं १९२१ साली. रस्त्यावर हे अंतर मोजतात सायकलने. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटंसं यंत्र लावतात, ते चाकाचे फेरे मोजतं. १९७१ मध्ये ॲलन जोन्स या गृहस्थांनी ते शोधलं आणि सुरुवातीला त्यांचा मुलगा क्लेन ते बनवायचा. (आईबापाच्या खुळाला मुलांनी हातभार लावल्याची उदाहरणं जगात आहेत, एवढंच सुचवते.) मोजणारा माणूस जवळात जवळची रेषा धरतो, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर सोडून. शिवाय अंतर कमी पडायला नको म्हणून हजाराला एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे हाफला २१ मीटर. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्यासाठी या कडेचे त्या कडेला जात पळतो, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात शेवटी २१.३ किंवा २१.४ दिसतं. मग लोक "रस्ता जास्त होता" म्हणून आयोजकांच्या नावाने खडे फोडतात. रस्ता बरोबर असतो, आपण वाकडे पळालेलो असतो.

याचा हिशेब तुला उपयोगी पडेल. दोन तासांच्या आत यायचं तर कागदावर पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, लागतो ५:४१. घड्याळात ५:४१ बघत पळालेले कितीतरी जण दोन तास एक मिनिट घेऊन येतात आणि वेळ नोंदणारी चिप बिघडली असं समजतात. मी ५:३७ धरते. आणि चिपचं म्हणशील तर निकालात दोन वेळा असतात. गन टाइम बंदूक सुटल्यापासूनचा, चिप टाइम तू स्टार्टची मॅट ओलांडल्यापासूनचा. तू मागच्या घोळक्यात असणार, त्यामुळे दोन्हींत काही मिनिटांचा फरक पडेल. स्वतःसाठी चिप टाइम धर. पुढे उभ्या राहिलेल्यांची बक्षिसं ठरवताना बहुतेक ठिकाणी गन टाइम बघतात, पण त्याची काळजी आपल्या दोघांनाही करायची गरज नाही.

आता माझं वर्ष. तुझा सगळ्यांत मोठा "वा!" मिळाला तो एक तास अठ्ठावन्नला. थंड सकाळ, सपाट रस्ता, वारा नाही, पेसर (ठरलेल्या वेगाने झेंडा घेऊन पळणारा) अनुभवी. खरं सांगू? त्या दिवशी मला फारसं काही करावंच लागलं नाही. पेसरच्या झेंड्यामागे राहिले, पावलं मोजली, संपलं. पीबी, म्हणजे माझी आजवरची सर्वोत्तम वेळ, झाला, आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण वर्षात मी सगळ्यांत चांगली पळाले ती शर्यत ती नव्हेच.

ती होती दोन तास चौदाची. तू "अच्छा" म्हणून लगेच जेवलीस का विचारलं होतंस, तीच. त्या दिवशी हवा एवढी दमट होती की स्टार्टला उभ्या उभ्या टीशर्ट पाठीला चिकटला. अशा हवेत घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मग शरीर जास्तीचं रक्त कातडीकडे पाठवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं, आणि तोच पेस ठेवायला हृदयाला जास्त ठोके टाकावे लागतात. म्हणून मी घड्याळावरचा पेसचा पडदा सरळ काढून टाकला आणि ठोके तेवढे ठेवले. चौदा किलोमीटरपर्यंत १५० च्या वर जायचं नाही, असा माझा माझ्याशी करार. पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माझ्या वयाच्या, माझ्याहून जाड, डोक्यावर छत्रीएवढी टोपी घातलेल्या बाईसुद्धा मला मागे टाकून गेल्या. जाऊ दिलं. हे लिहायला सोपं आहे, तिथे दातओठ खावे लागतात. बाराव्या किलोमीटरनंतर चित्र पालटलं. लोक चालायला लागले, कठड्यांवर बसले, डोक्यावर पाणी ओतून घेऊ लागले. माझा पेस होता तोच, फक्त आता तो वेगवान दिसत होता. टोपीवाल्या बाई सतराव्याला भेटल्या. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मला कुणी ओलांडलं नाही. दुसरा अर्धा भाग मी पहिल्यापेक्षा थोडा लवकर संपवला, त्या उकाड्यात. आता सांग, ही दोन चौदा त्या एक अठ्ठावन्नपेक्षा कमी कशी?

चढ-उतारांच्या शर्यतीबद्दल थोडक्यात. चढावर गेलेला वेळ उतारावर पुरता वसूल होत नाही, त्यामुळे तिथल्या टायमिंगची सपाट रस्त्याशी तुलनाच नको. आणि खरा त्रास उतार देतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार धरतात, त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी मिळते. मी दोन दिवस जिना उलटी उतरत होते. तू बघितलं नाहीस ते बरं झालं, व्हिडिओ काढला असतास.

एक हाफ मी मैत्रिणीची सोबत म्हणून पळाले, पावणेतीन तास, अखंड गप्पा. आणि एकीला गेलेच नाही. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घरी आलेला, पिना लावून तयार, आणि आदल्या संध्याकाळी अंगात ताप. ताप असताना पळायचं नाही. हा नियम मी तुझ्यासाठीही करते आहे, आणि यात वाटाघाट नाही. विषाणूचा ताप असताना जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. पैसे गेले, मेडल गेलं, रविवार मात्र झोपून छान गेला.

तुझे बाबा म्हणतात, वर्षभर एवढ्या शर्यती कशाला? त्यांना मी सांगते की सगळ्या शर्यती म्हणून पळतच नाही. जीव तोडून पळायच्या वर्षात दोन, फार तर तीन. बाकीच्या म्हणजे पाणी आणि पोलीस बंदोबस्तासह केलेला लाँग रन. दर महिन्याला पीबी काढायला जाणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या फिजिओथेरपिस्टचीही मला चांगली माहिती आहे.

हळू पळण्याची तुला लाज वाटते, हे मला माहीत आहे. तुझ्या ॲपवर प्रत्येक रन ६:०० च्या आतला असतो, बरोबर? न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना दर आठवड्याला डोंगरवाटांवरून साधारण पस्तीस किलोमीटर पळवायचे. त्यांतला पीटर स्नेल ८०० मीटरवाला होता. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी पस्तीस किलोमीटर! त्याने १९६० मध्ये रोमला ८०० चं सुवर्ण घेतलं आणि १९६४ मध्ये टोकियोला ८०० आणि १५०० अशी दोन. तेव्हा हळू, लांब पळणं हे म्हाताऱ्यांचं काम आहे असं समजू नकोस. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा. तुटक शब्द यायला लागले की वेग उतरव.

म्हातारे म्हटलं म्हणून एक सांगायचं राहू नये. कॅनडाचे एड व्हिटलॉक घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास गोल गोल पळून सराव करायचे. बहात्तराव्या वर्षी, २००३ मध्ये, त्यांनी पूर्ण मॅरेथॉन तीन तासांच्या आत पळून दाखवली. मी त्यांच्यापेक्षा बरीच लहान आहे. "आता या वयात" हे शब्द यापुढे माझ्यासमोर वापरू नकोस.

आता तुझी हाफ. तुझं दहा किलोमीटरचं टायमिंग साठ मिनिटं आहे, म्हणून तू दोन तास सहाचं स्वप्न बघतोयस. मी न विचारताच ओळखलं. पीट रिगेल नावाच्या इंजिनिअरने यावर एक सूत्र दिलंय, तुला आवडेल असं. अंतरांचं गुणोत्तर घ्यायचं, त्याचा १.०६ घात काढायचा आणि जुन्या वेळेला त्याने गुणायचं. दहाला साठ मिनिटं लागत असतील तर हाफला येतात दोन तास बारा मिनिटं. तेही सराव पुरेसा असेल आणि हवा चांगली असेल तर. पहिली आहे म्हणून आणखी पाच मिनिटं पदरात धर. आता तू लेतेसेनबेत गिदेचं उदाहरण देशील. इथिओपियाच्या त्या मुलीने २०२१ मध्ये व्हॅलेन्सियात आपल्या पहिल्याच हाफला १:०२:५२ घेऊन विश्वविक्रम केला, आधीचा तब्बल सत्तर सेकंदांनी मोडून. पण त्याआधी ट्रॅकवर ५,००० आणि १०,००० मीटरचे विश्वविक्रम तिच्या नावावर होते. तुझ्या नावावर सध्या जिमची न वापरलेली मेंबरशिप आहे.

पहिले तीन किलोमीटर ६:३० ने जा. आजूबाजूचे सगळे पुढे जातील, तुला पाय हलके वाटतील, सराव झकास झालाय असं वाटेल. ते टेपरमुळे, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी केल्यामुळे, विश्रांती मिळालेले पाय आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. दहाला पोचलास आणि कंटाळा आला असेल, तर बरोबर चाललंय. सोळा ते अठरा हा पट्टा वाईट असतो. गर्दी पांगलेली, बघायला कुणी नाही, शेवट अजून दिसत नाही, आणि पोटऱ्या बोलायला लागतात. तिथे पेसचा विचार सोड, पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतच पळ.

पाण्याचं सांगते, कारण त्यात नवखे फार धडपडतात. पहिल्या टेबलाशी सगळे गर्दी करतात, तू शेवटच्या टेबलाकडे जा, तिथे मोकळं असतं. कागदी कप वरून चिमटीत दाबून चोच कर आणि चोचीतून घोट घे, नाही तर निम्मं नाकात जातं. तहान लागेल तेवढंच पी. प्रत्येक स्टॉलवर दोन-दोन कप रिचवणाऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि ते तहानेपेक्षा जास्त धोक्याचं असतं. जेल (पळताना घ्यायचं साखरेचं घट्ट पाकीट) घ्यायचं तर सरावात घेतलेलंच घे. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बहुतेकांना दोनेक तास पुरतं, म्हणजे तुझं शेवटी शेवटी आटायला लागेल. पाऊण-एक तासाने एक घेतलंस तर बरं. नवीन बूट, नवीन मोजे, मित्राने दिलेली गोळी, काहीही त्या दिवशी पहिल्यांदा नको. काखेत, मांड्यांच्या आत आणि छातीवर व्हॅसलीन लाव. छातीवर कशाला म्हणून हसू नकोस, फिनिशला पुरुषांच्या टीशर्टवर रक्ताचे दोन डाग मी पुष्कळदा बघितलेत.

तुझ्या शर्यतीला मी येणार आहे, पळायला नाही. सतराव्या किलोमीटरच्या फलकापाशी, रस्त्याच्या डाव्या कडेला उभी असेन. ओरडेन, तुला लाज वाटली तरी. थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, फोटोसाठी वेग वाढवायचा नाही. हातात केळ्याचे तुकडे असतील, हवा तर एक उचल आणि पुढे हो. बाबा फिनिशला कोरडा टीशर्ट आणि चपला घेऊन उभे राहतील. त्यांना ठिकाण आधीच नीट समजावून सांग, नाही तर ते स्टार्टलाच थांबतील.

तुझी,
आई

ता. क. पायाची नखं दोन दिवस आधी काप, आदल्या रात्री नको. आणि बिबला चारही कोपऱ्यांत पिना लाव, दोन लावल्या की तो वाऱ्याने सारखा फडफडत राहतो.