घर सांभाळायला निघालेल्या मित्रास पत्र

खानापूर, जि. बेळगाव
१४ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मामा-मामी काशीयात्रेला निघत आहेत आणि महिनाभर निपाणीचे घर, एक कुत्रा व दोन मांजरे तुझ्या हवाली करून जाणार आहेत, हे वाचून बरे वाटले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, आपल्याच माणसाच्या घरात काही खटकले तर बोलावे, की महिनाभर गप्प राहून किल्ली परत द्यावी. हा प्रश्न यंदाच्या पावसाळ्यात माझ्यापुढे अगदी याच रूपात उभा राहिला होता आणि मी त्याचे उत्तर द्यायला दोन दिवस उशीर केला. तो उशीर एका मुक्या जनावराच्या जिवावर बेतला असता, म्हणून तुला सविस्तर लिहीत आहे.

आपले सर आणि काकू जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला मुलाकडे गेले. काकूंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती आणि सहा आठवडे तरी परत येता येणार नव्हते. बेळगावच्या शहापुरातले त्यांचे जुने कौलारू घर तू पाहिलेले आहेस. मी खानापूरहून बॅग घेऊन तेथे राहायला गेलो. घरात हरणी नावाची नऊ वर्षांची मुधोळ जातीची कुत्री आणि मनी नावाची मांजरी. सरांनी जाताना डाळ-तांदळाचे डबे, पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह, देवाच्या दिव्याची वात हे सगळे नीट दाखवले. हरणीबद्दल मात्र ‘आता म्हातारी झाली आहे, झोपून असते’ एवढेच म्हणाले आणि रिक्षा दारात उभी होती म्हणून मीही पुढे काही विचारले नाही.

पहिल्या संध्याकाळी हरणी ओसरीवर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की, या दोघांनी वयोमानाने हिच्या खाण्याकडे दुर्लक्ष केले आहे. मी लगेच तिला दूध-चपाती, वर तुपाचा हात, असे दोन वेळा भरपूर घातले आणि दुसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की, मुधोळ कुत्र्याची चणच तशी असते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे, पोट आत ओढलेले असणे हे त्या जातीत निरोगीपणाचे लक्षण आहे. ज्या जातीला धावण्यासाठीच शेकडो वर्षे पोसले आणि जिचे चित्र २००५ साली टपाल खात्याने तिकिटावर छापले, तिला मी आपल्या गल्लीतल्या गुबगुबीत कुत्र्याच्या मापाने मोजत होतो. कोणत्याही जनावराचे खाणे एकाएकी बदलू नये, हेही मला त्याच दिवशी कळले. मामांचा कुत्रा जे खातो तेच, त्याच भांड्यात, त्याच वेळी घाल. ते तुला कितीही कमी वाटले तरी पहिला आठवडा त्यात फरक करू नकोस.

खरे लक्षण माझ्या नजरेतून निसटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या अज्जी कुंपणाशी येऊन कानडीत ‘ऊटा माडिल्ल री’ असे हरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या. ती जेवत नाही, हे त्यांना सर जायच्या आधीपासून दिसत होते. मी तिला जवळ घेऊन पहिल्यांदा नीट चाचपले. गळ्यातल्या पट्ट्याखाली हात घातला तर बोटांना जोंधळ्याच्या दाण्यांसारखे काहीतरी लागले. पट्टा सोडला. खाली गोचिडी होत्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या, करड्या रंगाच्या. कानाच्या आतल्या घडीत अकरा, पुढच्या दोन पायांच्या बोटांच्या बेचक्यांत आणखी सात. ओठ वर करून पाहिले तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, धुतलेल्या फडक्यासारख्या फिकट होत्या.

त्याच क्षणी सरांना फोन करायला हवा होता. पण त्याच दिवशी काकूंची शस्त्रक्रिया होती. ज्यांनी आपल्याला शुद्धलेखन शिकवले त्या माणसाला ‘तुमच्या कुत्रीच्या अंगावर गोचिडी आहेत’ हे कोणत्या तोंडाने सांगावे, अशीही भीड वाटली. मी गोचिडी काढल्या, अंग पुसले आणि ‘दोन दिवस थांबून पाहू’ असे स्वतःला समजावले. पाचव्या दिवशी पहाटे ओसरीच्या शहाबादी फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. हरणीच्या नाकातून रक्त येत होते.

तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ताप पाहिला तो १०४ अंश फॅरनहाइट भरला. कुत्र्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ इतके असते. रक्त तपासल्यावर त्यांनी गोचीड-तापाचे निदान केले. गोचिडीच्या चाव्यातून जे जंतू रक्तात जातात त्यांच्यामुळे रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून नाकातून रक्त. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे, एकही दिवस न चुकवता, आणि कधीही रिकाम्या पोटी नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी मला बजावली, ती तुलाही बजावतो: माणसांच्या तापाची गोळी जनावराला देऊ नये, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. कोणी शेजारी प्रेमाने तशी गोळी आणून दिली तर हात जोडून नाही म्हण.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी सरांना निरोप लिहिला. पहिला मसुदा असा होता की, ‘सर, हरणीकडे बरेच दिवस लक्ष दिले गेलेले दिसत नाही.’ तो पुसला. मग लिहिले: ‘हरणी तीन दिवस नीट जेवलेली नाही. कानात, पट्ट्याखाली व बोटांत गोचिडी सापडल्या. हिरड्या फिकट आहेत. आज पहाटे नाकातून रक्त आले. आत्ता डॉक्टरांकडे आहे, ताप १०४. उपचार सुरू करायला सांगू का? खर्च मी भरतो, नंतर पाहू. तिसऱ्या दिवशीच कळवायला हवे होते, ते माझे चुकले.’ सोबत हिरड्यांचा फोटो जोडला. या दोन मसुद्यांतला फरक तुझ्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. जे डोळ्यांनी पाहिले ते सांगावे, मोजता येईल ते मोजून सांगावे, आणि ते का झाले असावे याचा तर्क आपल्यापाशी ठेवावा. कारण तो तर्क बहुतेक वेळा चुकीचा असतो. माझा होताच.

दहा मिनिटांत सरांचा फोन आला. बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘अरे, मला दोन वर्षं झाली खाली वाकता येत नाही. काकूंना बसता येत नाही. तिच्या पायांची बोटं आम्ही कधी बघणार? आम्हाला वाटलं वय झालं म्हणून झोपते.’ मित्रा, ज्याला मी दुर्लक्ष समजलो होतो ते दोन थकलेल्या शरीरांचे हतबलपण होते. ते एक वाक्य ऐकेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना किती बोल लावले होते, ते आठवून आजही वाईट वाटते.

घराचा भाग यानंतर येतो, आणि तो हरणीच्या आजाराहून वेगळा नव्हता. डॉक्टरांनी विचारले, ‘ती झोपते कुठे?’ मागच्या अडगळीच्या खोलीत. तेथे भिंतीला ओल येऊन गिलावा सुटला होता, फटी पडल्या होत्या आणि कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड रक्त पिऊन झाले की खाली पडते, भिंतीच्या फटीत चढते आणि तेथे हजारोंनी अंडी घालते. पूर्ण वाढलेली गोचीड न खाता कित्येक महिने जगू शकते. म्हणजे मी हरणीला कितीही साफ केले असते तरी ती रात्री पुन्हा त्याच भिंतीपाशी जाऊन झोपणार होती. टॉर्च लावून पाहिले तर फटीच्या कडेने लाल-तपकिरी ठिपके हळूहळू वर सरकत होते. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी पोती बाहेर काढून जाळून टाकावीत असे मी ठरवले होते. सुदैवाने या वेळी आधी विचारले. सर घाईघाईने म्हणाले, ‘थांब, थांब, खालच्या पोत्यात वह्या आहेत.’ शाळेतल्या मुलांकडून त्यांनी खानापूर भागातल्या खेड्यांतल्या आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या, त्या वह्या तिथे होत्या. काही पाने ओलीने चिकटली होती, पण शाई शाबूत होती. त्या मी एकेक करून झटकल्या, माडीवर दोरीवर वाळत घातल्या आणि नंतर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. दुसऱ्याच्या घरातली घाण कोणती आणि ठेव कोणती, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. निपाणीच्या घरात तुला काहीही फेकावेसे वाटले तर फोटो काढून आधी मामांना पाठव.

औषध फवारण्यापूर्वी डॉक्टरांनी मनीची आठवण करून दिली. कुत्र्यांच्या गोचिडींवर वापरतात ते पर्मेथ्रिन मांजराला विषासमान असते. म्हणून मांजराला चालेल असेच औषध त्यांच्याकडून लिहून घेतले, फवारा पूर्ण वाळेपर्यंत मनीला माडीवर ठेवले, आणि अंडी नंतर फुटतात म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा फवारले. सरांच्या संमतीने गवंड्याकडून फटी बुजवून घेतल्या. हरणीचे अंथरूण ओसरीवर, आडोशाला आणले. मुधोळ कुत्र्याची कातडी पातळ आणि केस तोकडे. आपल्याकडचा आषाढातला गारठा त्यांना सोसत नाही, म्हणून खाली घोंगडी घातली.

मनीचा त्रास फारसा नव्हता. पहिले दोन दिवस ती कपाटाखालून बाहेरच आली नाही. मांजर नव्या माणसाला बिचकून लपते हे स्वाभाविक आहे, पण दोन-तीन दिवस पोटात काहीच गेले नाही तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मी काकूंची वापरलेली सुती साडी कपाटाजवळ पसरली आणि त्यावर बांगड्याचा उकडलेला तुकडा ठेवला. तिसऱ्या रात्री तो संपलेला होता. मामांच्या मांजरांत बोका असेल तर त्याची लघवी होते आहे ना, तेवढे रोज पाहा. तो पुन्हा पुन्हा जाऊन बसतो आणि लघवी होत नाही असे दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठ.

गॅसच्या नळीवरची तारीख उलटून गेली होती (ती पाच वर्षांनी बदलावी लागते), ती बदलून घेतली. ओल्या भिंतीवरच्या एका प्लगला हात लावताच झिणझिण्या आल्या, तेव्हा मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावले. जिवाला धोका आहे अशा गोष्टीत मी आधी केले आणि मग सांगितले. बाकी कौलांची गळती, शेवाळलेली मोरी, न्हाणीघराचा वाकडा दरवाजा यांना मी हात लावला नाही. ते त्यांचे घर आहे, त्यांना ते तसे सवयीचे आहे. फक्त परसात साचलेले पाणी उपसून टाकले, कारण उंदरांच्या मुतापासून पसरणारा लेप्टो हा आजार माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही.

निपाणीबद्दल एक वेगळी काळजी आहे. मामांच्या घरामागे तंबाखूची वखार आहे. वाळलेले पान किंवा त्याचा चुरा कुत्र्याच्या पोटात गेला तर ओकाऱ्या होतात, अंग थरथरते, आणि जास्त गेला तर जिवावर बेतते. वखारीच्या दाराला कडी लागते की नाही ते पहिल्याच दिवशी पाहा, आणि लागत नसेल तर मामा निघण्यापूर्वी लावून घे. मी सरांना जे विचारले नाही ते तू त्यांना आधीच विचार: लसीची वही कुठे आहे, नेहमीचे डॉक्टर कोण, किती रुपयांपर्यंतचा खर्च न विचारता करू, आणि गाडीत किंवा गंगेच्या घाटावर असताना फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा. प्रवासाला निघालेल्या माणसाला असे विचारणे अशुभ वाटते हे मला ठाऊक आहे, तरीही विचार. १९६० सालच्या प्राण्यांविषयीच्या कायद्याचे तिसरे कलम सांगते की, जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीखाली आहे त्या प्रत्येकावर त्याच्या सुखरूपतेची जबाबदारी आहे. महिनाभर तो माणूस तू असणार आहेस.

सर आणि काकू ऑगस्टच्या शेवटी परतले. काकू वॉकर घेऊन रिक्षातून उतरल्या, तेव्हा हरणी ओसरीवरून उठून फाटकापर्यंत चालत गेली. काकूंना अजून वाकता येत नाही. तिने मान उंच करून त्यांच्या तळहाताखाली दिली. आता मी दर रविवारी खानापूरहून सकाळच्या गाडीने जातो, तिचे कान आणि बोटे पाहतो, आणि दुपारी सरांबरोबर बसून त्या ओव्यांच्या वह्यांची चिकटलेली पाने सोडवतो.

तू निपाणीला पोहोचलास की पहिल्या संध्याकाळी कुत्र्याला जवळ घे, पट्टा सोडून गळ्याखाली हात फिरव, ओठ वर करून हिरडीवर बोट दाब आणि सोड. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. काय दिसले ते मला त्याच रात्री कळव.

मामा-मामींना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र