डबल बेल काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही चिंचवडला मुलाकडे राहायला गेलात त्याला दीड महिना झाला. जाताना मी आभाराचं काही बोलायला लागले, तर "राहू द्या ओ मॅडम, गाडी सुटेल" म्हणत रिक्षात बसलात. म्हणून हे पत्र. आणि ते मुद्दाम उघडं लिहितेय, कारण सोलापुरात गल्लोगल्ली माझ्यासारखे क्लास आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना फळ्यासमोर काय चाललंय ते ठाऊक असतं, जिन्यात काय चाललंय ते नसतं. मलाही नव्हतं.

2022 चा ऑगस्ट. एक बॅच सातला सुटायची आणि दुसरी सातलाच बसायची. मधली पंधरा मिनिटं मी वाचवली होती, म्हणजे खरं तर विकली होती. जिना एकच, तीन फुटांचा, पायऱ्यांवर दोन्ही बॅचच्या चपला. त्या दिवशी नेमकी लाइट गेली. वरची पोरं खाली, खालची वर, आणि आठवीतली एक मुलगी मधल्या वळणावरून थेट तुमच्या दारात येऊन पडली. मी वरून नुसती ओरडत होते. तोवर आपली ओळख "पाणी आलं का?" एवढीच, चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात शेजाऱ्यांशी तेवढं तरी बोलणं होतंच.

तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढलात आणि वर बघून म्हणालात, "मॅडम, ती तुमची फूटपट्टी टाका खाली." लाकडी, जाड, बारा इंची. मी तिनं तळहातावर मारायचे, हे इमारतीत सगळ्यांनाच ऐकू जात असणार. तीच पट्टी पोरीच्या मनगटाखाली धरून तुम्ही टॉवेल गुंडाळलात, दुसऱ्या टॉवेलची झोळी तिच्या गळ्यात अडकवलीत आणि "हलवू नको गं" म्हणत तिला रिक्षात घेऊन गेलात. हाड मोडलं होतं. पट्टी दवाखान्यातच राहिली. मी ती परत मागितली नाही आणि दुसरी घेतलीही नाही. यावर तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मात्र बोललात. "गाडीत आधी उतरणारे, मग चढणारे. एवढं तुम्हाला सांगावं लागतंय का ओ?" एसटीत आयुष्यभर कंडक्टर म्हणून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर केलेला माणूस. गर्दी म्हणजे काय हे तुम्हाला आमच्यापेक्षा कळत होतं. संध्याकाळपासून तुम्ही जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकलीत. कुणीतरी जुनी घंटा आणली, तुम्ही तिला दोरी बांधलीत. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला. आठवडाभरात पोरांनी तुमचं नाव ठेवलं डबल बेल काका, आणि माझ्या "सायलेन्स प्लीज"ला जी किंमत कधी मिळाली नाही ती त्या दोन टोलांना मिळाली.

वही तर तुम्ही वेबिलासारखीच, कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबासारखी लिहायचात. किती आले, किती गेले, कोण मधेच उतरलं आणि कुणाबरोबर. मला आधी हसू यायचं. मग एकदा 42 आले आणि 41 गेले असं निघालं आणि बेचाळिसावा बाथरूममध्ये कडी अडकून रडत बसलेला सापडला. मी तोवर दिवे बंद केले होते, काका. कुलूप हातात होतं.

सुरतचं तक्षशिला प्रकरण मी पेपरात वाचलं होतं. 24 मे 2019, वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग, 22 जणांचा जीव गेला. वाचून घाबरून मी आग विझवायचे दोन लाल सिलिंडर आणून भिंतीला टांगले आणि निर्धास्त झाले. तुम्ही विचारलंत, "पिन कशी काढायची माहीत आहे का?" नव्हतं. मग जिन्याखाली मीटरच्या बोर्डाजवळ रचलेले जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि फाटके फ्लेक्स तुम्ही स्वतः बाहेर काढलेत. मागच्या दाराला मी कपाट लावलं होतं. ते हटवून, शेजाऱ्यांना दोनदा चहा पाजून त्यांच्या गच्चीवरून जायची परवानगी घेतलीत आणि दारावर लाल ऑइलपेंटनं लिहिलंत, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग". येणारा प्रत्येक पालक ते वाचून हसतो. हसू दे.

जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या क्लाससाठीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. एका विद्यार्थ्याला किमान एक चौरस मीटर जागा हवी. माझी खोली वीस बाय पंधरा फूट, म्हणजे जेमतेम 27 पोरांची, आणि मी 42 कोंबत होते. तुम्ही म्हणालात, "बसून किती, उभे किती, हे गाडीत लिहिलेलं असतं." तेव्हा सकाळची वेगळी बॅच सुरू केली. (त्याच सूचनांत सोळा वर्षांखालच्यांना घेऊच नये असंही आहे. ते माझ्या दारापर्यंत आलं तर क्लासच राहणार नाही. ते रडगाणं पुन्हा कधीतरी.)

पण जिना, दार, सिलिंडर हे सगळं मला कुणीही सांगू शकलं असतं. त्या पोराचं तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नसतं.

नववीतला. पेंगायचा, उठवलं की अंगावर यायचा. एक दिवस त्यानं शेजारच्याच्या मांडीत कर्कटक टोचलं. मी त्याची उरलेली फी पाकिटात घालून ठेवली होती. तुम्ही पाकीट बघितलंत. "विनातिकीट माणसालासुद्धा मधल्या माळावर उतरवत नाही ओ आम्ही. पुढच्या स्टँडवर उतरवतो. तोवर विचारपूस होते." आणि तुम्ही तुमच्या मोडक्यातोडक्या तेलुगूवर विसंबून त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलात. घरात दोन माग, आई रात्री बारा-साडेबारापर्यंत कांड्या भरते, हा तिच्या बरोबरीनं बसतो. झोप कुठून येणार? तो सकाळच्या बॅचला जमणार नाही हे उघड होतं, म्हणून शनिवार-रविवार दुपारी बोलावला. मात्र तुम्ही त्याला सोडलंही नाहीत. ज्याला टोचलं त्याच्या आईसमोर नेऊन उभं केलंत, कारण त्या बाईचा राग खरा होता. दहावीला 61 टक्के पडले. चमत्कार वगैरे काही नाही. पण नंतर कुणाला टोचलं नाही.

गाड्यांवरून तुम्ही शिव्या खाल्ल्यात. नववीतली पोरं बापाची स्कूटी घेऊन यायची, तुम्ही किल्ली काढून घ्यायचात आणि फोन करायचात. अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर पालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मोटार वाहन कायद्यातलं 2019 च्या दुरुस्तीपासूनचं कलम तुम्हाला तोंडपाठ. "तुम्ही कोण सांगणारे?" असं एका पालकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी कोणीच नाही. किल्ली घ्या आणि चालवत तुम्ही न्या."

रात्री साडेआठच्या मुलींचं मात्र मी विसरूच शकत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीपाशी दोन बाइकवाले रोज उभे राहायला लागले. तीन घरांनी मुलींचा क्लास बंद करतो म्हणून सांगितलं आणि खरं सांगते, मलाही बॅच बंद करणंच सोपं वाटलं. तुम्ही चिडलात. तेवढं चिडलेलं तुम्हाला मी एकदाच पाहिलं. "टवाळ पोरांसाठी पोरींची गाडी रद्द करायची?" गाड्यांचे नंबर वहीत होतेच. तुम्ही 112 लावलात आणि दुसऱ्या दिवशी मला चौकीत नेलंत. अर्ज माझ्या सहीनं, कारण क्लास माझा. क्लासचं नाव खराब होईल म्हणून माझा हात अडत होता, हे तुम्हाला दिसलं असणार. पोलिसांची दुसरी चक्कर झाल्यावर ते बाइकवाले गायब झाले. मुली अजूनही तुम्ही पाडलेल्या गल्लीवार गटांनीच घरी जातात.

आणि एक. खुर्ची टाकल्याच्या पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणाला होतात, "आधी माझं पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या." मला ओशाळल्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, "बुवा चांगला आहे हे तुमचं मत झालं. कागद पाहिजे." शेवटचं पोर एकटं राहिलं की तुम्ही खुर्ची उचलून रस्त्याकडेला, दिव्याखाली न्यायचात आणि त्यालाही तिथंच बसवायचात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर पालक धास्तावून विचारायला आले, तेव्हा तुमचा कागद फाइलला लागून दोन वर्षं झाली होती. तुमच्यामागोमाग माझा आणि इंग्रजीच्या सरांचाही लागला होता.

पगार घेतला नाहीत. चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा. पहिल्या वर्षी मी पाकीट पुढं केलं तर म्हणालात, "पेन्शन कमी आहे, पण मला घरात बसवत नाही." मग त्याच पैशांतून जिन्यात बॅटरीचा दिवा बसवून घेतलात.

आता खुर्चीवर मी बसते. साडेआठची बॅच इंग्रजीचे सर घेतात. माझं मोजणं अजून चुकतं, दोनदा मोजते. दोरी ओढायला पोरांची भांडणं होतात, म्हणून रोल नंबरप्रमाणं पाळी लावली आहे. ज्या मुलीचा हात मोडला होता ती आता अकरावीला आहे, परवा येऊन उगाचच एक टोल देऊन गेली. सगळी बॅच जिन्यात थांबली ना!

शेंगा चटणी आणि कडक भाकरी एका पालकांबरोबर पाठवते आहे, ते रविवारी पुण्याला निघालेत. ओळखीच्या कंडक्टरकडे देणार होते, पण तुम्ही पहिलं विचारलं असतं, "लगेजचं तिकीट फाडलं का?" पोचली की मिस कॉल द्या.

तुमची,
वरची मॅडम