घाबरू नका, पण थांबूही नका

महोदय,
मूल उशिरा बोलले तर घाबरू नये, असे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. घाबरू नये हे मान्य. पण थांबूही नये. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत आमच्या शेजारचा अडीच वर्षांचा मुलगा हाकेला वळत नसे, तासन् तास गाडीचे चाक फिरवत बसे. ‘याचा बापही उशिराच बोलला,’ असे आजी विड्या वळता वळता सांगायची. त्यात वर्ष गेले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुले तपासते, पुढचे उपचारही मोफत असतात. मुलाच्या वाढीबद्दल शंका येताच अंगणवाडीताईंनी पथकाची वाट न पाहता आईला पुढील तपासणीसाठी लेखी चिठ्ठी द्यावी. दिवसाची मजुरी बुडवून निघणाऱ्या आईला कुठे, कोणाकडे जायचे ते नेमके कळले पाहिजे.

– एक वाचक, सोलापूर