दसऱ्याचा मुहूर्त आणि बांधकाम परवानगी

पुणे, 27 ऑगस्ट 2023

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. बाबा, तुमचा आवाज चढला तसा माझाही चढला, याचे मला वाईट वाटते. माळाच्या जागेवरील घराविषयी जे सांगायचे होते, ते फोनवर नीट सांगता येणार नाही असे वाटले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पत्र आईला वाचून दाखवावे, कारण घर मुळात तिच्या गुडघ्यांसाठी बांधायचे आहे.

दसऱ्याला, म्हणजे 24 ऑक्टोबरला, भूमिपूजन करण्यास माझा मुळीच विरोध नाही. गुरुजींना बोलवा, नारळ फोडा, एक कुदळ मारा. मात्र त्याच दिवशी जेसीबी लावून पाया खोदण्याचे तुम्ही मिस्त्रींशी ठरवले आहे, ते कृपया रद्द करावे. जागा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात येण्यापूर्वी सुरू केलेले काम अनधिकृत ठरते, मग ते स्वतःच्या जागेत आणि स्वतःच्या पैशाने केलेले असले तरीही. त्यासाठी शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय घरपट्टीवर दुप्पट शास्ती बसू शकते. चाळीस वर्षे सरकारी नोकरीत एकही मेमो न घेतलेल्या माणसाच्या नावावर निवृत्तीनंतर नोटीस निघावी, हे मला पाहवणार नाही.

साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे, असे तुम्हाला कट्ट्यावर कोणीतरी सांगितले आहे. तशी तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम 45 मध्ये खरोखरच आहे. परंतु कार्यालयाने काही कागद मागितले, तर आपण ते पुरवल्याच्या तारखेपासून साठ दिवस मोजले जातात आणि आपला नकाशा विकास आराखड्याला व नियमावलीला सर्वस्वी धरून असेल तरच त्या मानीव परवानगीला अर्थ राहतो. आपल्या प्रकरणात तर परिपूर्ण अर्ज अजून दाखलच झालेला नाही, त्यामुळे पहिला दिवससुद्धा उजाडलेला नाही.

लहान घराला परवानगी लागत नाही, हेही तसेच अर्धवट ऐकलेले आहे. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीतील ती सवलत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी आहे, घर किती लहान आहे यासाठी नाही. तिथेही नकाशे सादर करून शुल्क भरावेच लागते. आपला भूखंड त्याच्या दुपटीहून मोठा आहे.

आता जागेविषयी. झोन दाखला आणि भाग नकाशा आर्किटेक्टबाईंनी काढून आणला आहे. मंजूर विकास आराखड्यात आपली जागा पिवळ्या रंगात, म्हणजे रहिवास विभागात आहे, ही सर्वांत मोठी चिंता मिटली. जमीन भोगवटादार वर्ग 1 ची, म्हणजे सरकारी अटींशिवाय पूर्ण मालकीची, असल्यामुळे बिनशेतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र परवानगी मागण्याची गरज नाही. आजच्या, 2023 च्या, नियमानुसार महसूल संहितेच्या कलम 42-ब प्रमाणे रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरायची आहे. ते काम मी तहसील कार्यालयात जाऊन करीन. तुम्ही त्यासाठी उन्हात रांगेत उभे राहू नये.

मे महिन्यात झालेली मोजणी मात्र तुमच्या मनाला लागली आहे, हे मला ठाऊक आहे. भूकरमापक ती रोव्हरची, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणाऱ्या यंत्राची, काठी घेऊन पूर्वेच्या बांधावर आले आणि त्यांनी चुन्याची खूण बांधाच्या अलीकडे, आपल्या बाजूला टाकली, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त चपलेच्या टोकाने तो चुना हळूच पुसलात. त्यांनी मुकाट्याने पुन्हा टाकला. सातबाऱ्यावर चार आर, म्हणजे 400 चौरस मीटर, आणि मोजणीच्या ‘क’ प्रतीवर 387. परवानगीसाठी या दोहोंतील कमी क्षेत्र धरतात. तेरा चौरस मीटरसाठी शेजाऱ्यांशी दिवाणी दावा लढायचा असेल तर लढता येईल, पण त्या घरात राहायला तुम्ही दोघे कधी जाणार, हे मला कोणी सांगू शकणार नाही.

समोरचा सहा मीटरचा रस्ता आराखड्यात बारा मीटरचा दाखवला आहे. रुंदीकरणाची रेषा आपल्या बाजूने तीन मीटर आत येते, म्हणजे सोळा मीटरच्या दर्शनी बाजूवर 48 चौरस मीटर जागा त्यात जाते. उरलेल्या 339 वर मूळ 1.1 एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) धरला तरी 373 चौरस मीटरच्या आसपास बांधता येते आणि आपल्याला बांधायचे आहे जेमतेम 110 चौरस मीटरचे, एकही पायरी न चढता वावरता येईल असे घर. तेव्हा एफएसआय बुडाला म्हणून हळहळण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. आर्किटेक्टबाईंनी सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, या नव्या रेषेपासूनच धरून नकाशा केला आहे.

हे सगळे असूनही अर्ज थांबला आहे, तो कोणत्याही टेबलावर नव्हे, आपल्या घरात. आजोबा गेल्यानंतर वारस नोंद झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर तुमच्याबरोबर दोन्ही आत्यांची नावे आहेत. सर्व धारकांच्या सह्यांशिवाय मालकी हक्काची छाननी पुढे सरकणार नाही. जूनपासून तुम्ही दोघींपैकी कोणालाही याविषयी फोन केलेला नाही. “बहिणींपुढे हात पसरायचा का?” असे तुम्ही काल म्हणालात, आणि त्याच दमात, हक्कसोडपत्र करून घेऊ, किरकोळ मुद्रांकावर होते, असेही म्हणालात.

बाबा, हक्कसोडपत्र होते हे खरे. नोंदणी करायची, तलाठ्याकडे फेरफार धरायचा, नोटिशीचे पंधरा दिवस जाऊ द्यायचे आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली की नावे कमी होतात. पण परवानगीसाठी त्यांनी हक्क सोडण्याची आवश्यकताच नाही. सहधारक म्हणून दोघींनी अर्जावर सह्या केल्या आणि या बांधकामास आपली हरकत नसल्याचे संमतीपत्र दिले, तर काम होते. त्यांची नावे सातबाऱ्यावर जशी आहेत तशी राहू देत. मीही या घरची लेक आहे. उद्या माझ्यापुढे असाच कागद आला, तर सही मी करीन, पण तो कागद माझ्यापुढे कसा आला हे विसरणार नाही. पुढे वाटपाचा विषय निघाला तर तो त्या वेळी तिघांनी बसून बोलावा. आज फक्त घरापुरते विचारावे.

बुधवारी राखीपौर्णिमा आहे. धाकटी आत्या येईल. ओवाळणीच्या ताटाशेजारी संमतीचा कागद ठेवू नये, एवढी विनंती. त्याआधी एक दिवस दोघींनाही तुम्ही स्वतः फोन करावा, मला करायला सांगू नये. मोठी आत्या कदाचित पहिल्यांदा रागावेल, कारण मोजणी झाल्याचे तिला बाहेरून कळले आहे. गौरी आवाहनाला, 21 सप्टेंबरला, दोघी माहेरी असतील आणि मीही असेन. सह्या तेव्हा होऊ शकतील. त्यानंतर आर्किटेक्टबाई त्यांच्या लॉगिनमधून अर्ज भरतील, छाननी आणि विकास शुल्काचे चलन मी भरीन. दिवाळीनंतर काम सुरू झाले, तरी मिस्त्रींनी जोत्याच्या वर वीट रचण्यापूर्वी जोता तपासणी करून घ्यायची आहे, हे त्यांना आतापासून सांगून ठेवावे. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरण्याची परवानगी, मिळाल्यावरच सामान हलवू.

आईचा प्रश्न राहिला. तिचा पारिजातक त्या तीन मीटरच्या पट्ट्यात येतो का, हे भाग नकाशावरून कळत नाही, कारण नकाशावर झाडे नसतात. रुंदीकरण प्रत्यक्ष होईपर्यंत तो तोडण्याचे कारण नाही, परंतु कुंपणाची भिंत नव्या रेषेच्या आत घ्यायची असल्यामुळे झाड बाहेर पडू शकते. तिने सुंभाची दोरी घेऊन रस्त्याच्या आताच्या कडेपासून बुंध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि दोरीला तिथे गाठ मारून ठेवावी. मी आले की टेपने पाहीन.

तुमची लेक