दूधसागर आता खिडकीतूनच

बेळगाव
२० ऑगस्ट २०२४

प्रिय सुहास,

स्कॉटलंडमधल्या ग्लेनफिनानचा फोटो मिळाला. एकवीस कमानींचा पूल, वळणावर वाफेचं इंजिन आणि पांढरा धूर नेमका डोंगराच्या काळ्या अंगावर. जळलो मी. फोटोखालची तुझी ओळ वाचून तर आणखीच जळलो : गाडी पार्किंगला लावली, पायवाटेने टेकडीवर चढलो आणि वेळापत्रक बघून थांबलो. एवढं सोपं?

आपल्या गोव्याच्या घाटातल्या दूधसागरचा यंदाचा फोटो कुठे आहे, असं विचारलंस. नाही काढला. धबधबा जागेवर आहे, पाऊसही दणकून झालाय, गाड्या पुलावरून जातायत. आपली जागा तेवढी गेली. पुढच्या वळणावरची ती, जिथून पूल आणि धबधबा समोरासमोर दिसतात.

गेल्या वर्षी जुलैत काय झालं ते तुझ्यापर्यंत पोचलं असेलच. एका रविवारी कुळ्याला, घाटाच्या पायथ्याच्या स्टेशनात, शेकड्यांनी पोरं उतरली आणि रुळावरून निघाली. पोलिसांनी अडवलं, काहींना भर स्टेशनात उठाबशा काढायला लावल्या. व्हिडिओ देशभर फिरला, लोक हसले. त्याच सुमारास सांगे तालुक्यात मैनापीच्या धबधब्यात दोघं बुडाले, तेव्हा वनखात्यानेही दारं लावून घेतली. रेल्वेने जाहीर केलं की दूधसागरचं सौंदर्य डब्यात बसूनच बघा. रुळावर चालाल तर कलम १४७, म्हणजे हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कायदा नवा नाही, आपण जायचो तेव्हाही होताच. पण तेव्हा पॅसेंजर दूधसागरला थांबायची, उतरणारे आपल्यासारखे पाच-दहा, आणि स्टेशनमास्तर स्वतः सांगायचा, 'वरच्या कॅसलरॉक स्टेशनहून मालगाडी सुटलीय, ती जाऊ द्या, मग बोगद्यात शिरा.'

ते उतरणं आठवतं? प्लॅटफॉर्म नावालाच, शेवटच्या पायरीवरून सरळ खडीवर उडी. पाठीवर बॅग, बॅगेवर प्लॅस्टिक, बुटात मीठ-तंबाखूची पुरचुंडी, तरी जळवा मोज्यात शिरायच्याच. बोगद्यात तू बॅटरी भिंतीवर मारत चालायचास, पुढचा कोनाडा कुठे आहे ते बघत, कारण गाडी आलीच तर अंग चोरून उभं राहायला तेवढीच जागा. वळणावर पोचलो की धुकं. धबधबा समोर सहाशे फुटांवर आहे की सहा हजार, पत्ता नाही, नुसता आवाज. लेन्स पुसायला तुझ्या जुन्या बनियनचा तुकडा, कारण विकतचं कापड पहिल्या दहा मिनिटांत चिंब व्हायचं.

आणि मग खालून चढणाऱ्या गाडीचा घुमणारा आवाज. या ब्रागांझा घाटात ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर चढ, त्यामुळे पुढचं इंजिन पुरत नाही, मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. पुढचं इंजिन दिसायच्या कितीतरी आधी सगळी मिळून छातीत वाजायची. गाडी इतकी सावकाश चढते की कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या १/६० ला ठेवलं तरी डबे स्पष्ट येतात आणि पाण्याला किंचित दुधाळपणाही येतो. तू १/१५ च्या नादाला लागायचास आणि पुलावर निळा फराटा घेऊन यायचास. यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि बरोबर मीच आहे.

बंदी घातली यात मला चूक दिसत नाही, हे आधी सांगतो, नाहीतर तू म्हणशील मिलिंद म्हातारा झाला आणि कुरकुरायला लागला. २०१३च्या त्या 'चेन्नई एक्सप्रेस' चित्रपटानंतर गर्दी जी सुटली ती आवरणाऱ्यातली नव्हती. पुलाच्या कठड्यावर पाय सोडून सेल्फी, बोगद्यात मोबाईलवर गाणी, गाडी हॉर्न मारतेय आणि हे कोनाडा कशाला असतो हेच जाणत नाहीत. शिवाय घाटाचा काही भरवसा नाही. २०२१च्या जुलैत दूधसागर आणि सोनालियमच्या मधे दरड आली आणि प्रवासी गाडी रुळावरून घसरली. आत्ता याच महिन्यात त्याच टापूत मालगाडीचे डबे घसरले. अशा ठिकाणी हजार माणसं रुळावर कोण चालू देईल?

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. बंदी घालून सगळे हात झटकून मोकळे झाले. जायला दुसरी वाट करावी, असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. रेल्वे म्हणते जमीन वनखात्याची, वनखातं म्हणतं रूळ रेल्वेचे. आणि वेडी पोरं थांबलेली नाहीत, ती आता रानातून आडवाटेने घुसतात, सोबत ना वाट जाणणारा, ना गाडीची वेळ सांगणारा. म्हणजे ज्यांना सांगितलेलं कळत होतं तेवढेच घरी बसले.

जीप आहे की, असं म्हणशील. आहे, कुळ्याहून, पण पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून. ओढे ओलांडत, हाडं खिळखिळी करत ती धबधब्याच्या पायथ्याशी सोडते. तिथून मान वर करून बघ : पूल डोक्यावर, गाडी म्हणजे एक रेघ. चार टप्प्यांचा, ३१० मीटरचा धबधबा एका चौकटीत मावतच नाही. अंघोळीला ठीक. खिडकीतून तर विचारूच नकोस. मी गोवा एक्सप्रेसने जाऊन बघितलं. सगळा डबा एका बाजूला लोटला, माझ्या कोपराखाली कुणाचं तरी पोर, काचेवर तुषार, आणि मुळात ज्या गाडीत बसलोय तिचा फोटो तिच्यातूनच कसा काढणार?

घाटात दुसरा रूळ टाकायच्या दुहेरी मार्गाचं काय झालं, हेही विचारलं होतंस. मोलेचं अभयारण्य वाचवा म्हणून २०२० पासून गोव्यातली मंडळी लढली, आणि ९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. मला आनंदच झाला. त्या कड्यात दुसरा रूळ घातला असता तर फोटो काय, कडाच उरला नसता.

आता मुद्द्याचं. आम्ही बेळगावचे पाच-सहा जण एक अर्ज करतोय, रेल्वेला आणि वनखात्याला एकत्रच, म्हणजे टोलवाटोलवी नको. मागणी साधी आहे : आठवड्यातून एक दिवस, मोजके पास, बरोबर वनखात्याचा माणूस, ठरलेल्या गाडीने उतरणं आणि ठरलेल्या गाडीने परत. वळणावर रुळापासून लांब एक कठड्याचा ओटा. दोन गाड्यांच्या मधल्या वेळेतच माणसं हलवायची. पैसे घ्या हवे तर. मंजूर होईल असं मला अजिबात वाटत नाही. पण अर्जच नसेल तर नाकारणार तरी काय!

तर तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. ग्लेनफिनानची ती पायवाट कुणी केली, कोण सांभाळतं, पार्किंगचे पैसे कुणाकडे जातात आणि तरीही लोक रुळावर चढतात का, हे तिथल्या कुणाला तरी विचारून सविस्तर लिही. आणि तुझ्या त्या स्लाइड्स. मीटरगेजच्या, म्हणजे जुन्या अरुंद रुळांच्या काळातल्या. माझ्याकडच्या सगळ्यांना बुरशी लागली, बेळगावच्या पावसाने काही ठेवलं नाही. तुझ्या तिकडच्या कोरड्या कपाटात त्या धड असतील. स्कॅन करून पाठव, फराटेवाल्यासुद्धा चालतील, अर्जाला जोडतो. पंधरा सप्टेंबरच्या आत, कारण नंतर सही करणारे साहेब बदलून जातात असं ऐकतोय.

वहिनींना नमस्कार. कुंदा पाठवायचा होता, पण कुरिअरवाला दुधाचं काही घेत नाही म्हणाला.

तुझा,
मिलिंद