नागरिकशास्त्र वर्गाबाहेर न्यावे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पत्रस्तंभात टक्केवारी, प्रवेश आणि शिकवण्यांचे शुल्क यांवर भरपूर लिहिले जाते. पण माध्यमिक शाळेतून बाहेर पडणारा मुलगा वा मुलगी दोन-तीन वर्षांत मतदार आणि अर्जदार होणार आहे, त्याची तयारी शाळेत कितपत होते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. सातारा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो असल्याने या प्रश्नाची शाळेबाहेरची बाजू मला ग्रामपंचायतीच्या टेबलामागून पाहायला मिळाली आहे.

अभ्यासक्रमात विषयच नाही, अशी तक्रार करता येणार नाही. गेली काही वर्षे चालत आलेल्या राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांत स्थानिक शासन सहावीला, परराष्ट्र धोरण व संयुक्त राष्ट्रे नववीला आणि निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी हे दहावीला येते. म्हणजे ग्रामपंचायत नीट उमगण्याचे वय येण्याआधीच ती शिकवून संपते आणि ते वय येते तेव्हा विद्यार्थी सुरक्षा परिषदेचे कायम सदस्य पाठ करत असतो. दहावीच्या ४० गुणांच्या लेखी परीक्षेत राज्यशास्त्राला इतिहासाच्या निम्मेही गुण नसल्याने ते शेवटी घाईघाईने उरकले जाते आणि पुढे विज्ञान किंवा वाणिज्य शाखा घेतली की या विषयाशी संबंधच संपतो. १९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले; त्या वयाला पोहोचण्यापूर्वीची नेमकी हीच वर्षे कोरी जातात.

शाळा नागरिकत्वाची माहिती देते, काम मात्र करू देत नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. स्वातंत्र्यदिनी मुले कवायत करतात, संविधानाची प्रास्ताविका एका सुरात म्हणतात आणि खाऊ घेऊन घरी जातात. त्याच सुमारास शेजारच्या देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरते, पण तिला थांबलेला दहावीचा विद्यार्थी मी कधी पाहिला नाही. विद्यार्थीच कशाला, मोठी माणसेही थांबत नाहीत. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती गणपूर्तीला लागते आणि ती झाली नाही की सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने पुढच्या खेपेला मोजक्या लोकांत गावाच्या वर्षभराच्या खर्चावर ठराव होतात. ही साधी गोष्ट ज्याला शाळेत कळली, तो पुढे ‘पंचायतीने परस्पर ठरवले’ असे म्हणण्याआधी निदान नोटीस फलकाकडे तरी पाहील. नववी-दहावीच्या मुलांनी शिक्षकांसह मागे बसून सभा फक्त ऐकावी, कोणता ठराव कोणी मांडला, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी केला हे टिपून आपले इतिवृत्त तयार करावे आणि नंतर ते ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताशी ताडून पाहावे. दोन्हींत फरक निघाला तर त्यावर वर्गात चर्चा व्हावी. काही सरपंचांना आणि माझ्या काही व्यवसायबंधूंना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

एकदा बारावी विज्ञान शाखेत उत्तम गुण मिळवलेली एक मुलगी, वडील वारल्यावर घराची नोंद आईच्या नावे करून घेण्यासाठी माझ्याकडे आली होती. अर्जाची भाषा सुरेख होती, अक्षरही वळणदार. पण त्यावर ना तारीख होती ना घर क्रमांक, आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रतही जोडलेली नव्हती. अर्जाची दुसरी प्रत कुठे आहे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “भाऊसाहेब, दुसरी कशाला? अर्ज तर तुम्हालाच द्यायचाय ना?” दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घेऊन ती स्वतःजवळ ठेवायची असते, अर्ज दिल्याचा तेवढाच पुरावा असतो, हे तिला बारा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. वास्तविक मराठीच्या परीक्षेत विनंतिपत्र आणि मागणीपत्र असते; मुले कल्पित रोपवाटिकेकडे कल्पित रोपे मागतात आणि गुण मिळवतात. त्याऐवजी शाळेसमोरच्या तुंबलेल्या गटाराबद्दल किंवा वेळेवर न येणाऱ्या एस.टी.बद्दल वर्गाने खरे पत्र लिहून, पोच घेऊन, उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवायला काय हरकत आहे? महिनाभरात उत्तर आले नाही तरी त्या महिन्यात मुले बरेच शिकलेली असतील.

साताऱ्याला ही रीत परकी नाही. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करत. आज त्याच जिल्ह्यात शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका मोबाईलवरच्या मतदान यंत्राने होतात, बोटाला शाई लागते, शपथविधी होतो, त्याची छायाचित्रे आपल्याही दैनिकात येतात. त्यानंतर स्वच्छता मंत्री वर्षभर काय करतो, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याला ना बैठक असते ना निधी. स्नेहसंमेलनाच्या अल्पोपाहाराची रक्कम, मग ती कितीही लहान असो, या मंत्रिमंडळाच्या हाती द्यावी. त्यांनी तीन दुकानांतून दरपत्रके आणावीत, पावत्या जपून ठेवाव्यात, जमाखर्च सूचना फलकावर लावावा आणि इतर विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. दोन-चारशे रुपयांचा हिशेब जुळेना म्हणून रडकुंडीला आलेला मुलगा पुढे सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल न वाचता हात वर करणार नाही, असे मला वाटते. आपल्या भागात साखर कारखान्यापासून गावच्या पतसंस्थेपर्यंत प्रत्येक घर कुठल्या तरी संस्थेचे सभासद असते, म्हणून याचे महत्त्व येथे अधिक.

शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचा बोजा आहे आणि पालकांना निकालाशिवाय काही दिसत नाही, हे आक्षेप खरे आहेत. परंतु वरील कामांसाठी नवा तास, नवे पुस्तक किंवा शासन निर्णय लागत नाही. अंतर्गत मूल्यमापनासाठी मुले एकमेकांच्या वह्यांतून प्रकल्प उतरवून काढतात, त्याच वेळात ही कामे बसतात. एखाद्या हायस्कूलने असा प्रयोग आधीच केला असल्यास तेथील मुख्याध्यापकांनी आपला अनुभव, त्यातील अडचणींसह, याच स्तंभातून कळवावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामसेवक, सातारा