स्पेस ऑपेरा लघुकथेला पेलत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला स्पेस ऑपेरावरचा, म्हणजे ताऱ्या-ताऱ्यांमधल्या भव्य साहसांच्या विज्ञानकथांवरचा लेख वाचला. चित्रपटांविषयी लेखकाने लिहिले आहे त्याबद्दल तक्रार नाही. पण 'आकाशगंगेएवढा पट लघुकथेला पेलत नाही, त्याला जाडजूड कादंबरीच हवी' हे विधान छापण्यापूर्वी कुणीतरी लेखकाला हटकायला हवे होते.

हा प्रकार 1977 च्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटापासून सुरू झाला, हे लेखातले विधानही साफ चूक आहे. ऑगस्ट 1928 मध्ये 'अमेझिंग स्टोरीज'मध्ये ई. ई. स्मिथ यांचे 'स्कायलार्क' क्रमशः येऊ लागले आणि त्याच महिन्यात 'वीअर्ड टेल्स'ने एडमंड हॅमिल्टन यांची 'क्रॅशिंग सन्स' छापायला घेतली. ही सगळी स्वस्त कागदावरची मासिके होती. 1939 ते 1955 या काळात 'प्लॅनेट स्टोरीज' निघत असे. तिच्यात लिहिणाऱ्या ली ब्रॅकेट यांनीच पुढे त्या 1977 च्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाच्या पटकथेचा पहिला खर्डा केला. चित्रपटाने ज्यांच्याकडून घेतले, त्या कथांचा लेखात नामोल्लेखही नाही.

सर्वात खटकले ते हे, की कादंबरीचा आदर्श म्हणून लेखाने आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन'चे नाव घेतले आहे. 1951 च्या त्या पुस्तकाचे भाग पाच. त्यांतले चार 1942 ते 1944 दरम्यान 'अस्टाउंडिंग' या मासिकात सुट्या कथा म्हणून आले होते. फक्त पहिला भाग पुस्तकासाठी नव्याने लिहिला गेला. एका कथेत एक पेच आणि त्याची उकल, मग पुढच्या कथेआधी काही दशके सोडून द्यायची, अशी ती रचना आहे. त्यातल्या आकाशगंगाव्यापी साम्राज्याचा ऱ्हास वाचकाला जाणवतो तो या सोडलेल्या वर्षांमुळे. आपल्या लेखकाला जे भव्य वाटले, ते लघुकथेच्याच तंत्राने साधलेले आहे.

लघुकथेत विस्तार दाखवायचा तर अंतराची किंमत आधी ठरवावी लागते. प्रकाशवेगाची मर्यादा पाळली, तर 99 टक्के वेगानेही 4.2 प्रकाशवर्षांवरच्या सर्वात जवळच्या ताऱ्यापर्यंत जाताना बाहेर सव्वाचार वर्षे उलटतात, यानात मात्र सुमारे सातच महिने. हा एवढा फरकसुद्धा दोन माणसांमधल्या कथेला पुरतो. मर्यादा ओलांडून 'उडी' मारायची असेल, तर त्या उडीला काहीतरी मोजावे लागले पाहिजे. फुकट आणि तत्काळ उडी मिळाली की प्रत्येक संकटातून पळवाट निघते आणि कथा तिथेच ढिली पडते. कॉर्डवेनर स्मिथ यांच्या 1955 च्या 'द गेम ऑफ रॅट अँड ड्रॅगन'मध्ये ही किंमतच कथेचा विषय आहे. ताऱ्यांमधल्या पोकळीत यानावर काहीतरी झडप घालते, त्याला प्रकाशाने मारावे लागते आणि माणसाची प्रतिक्रिया तेवढी जलद नसते. म्हणून मनाने जोडलेली मांजरे सोबतीला घेतात. माणसांना जो ड्रॅगन दिसतो, तो मांजरांना उंदीर वाटतो. अथांग अवकाशाची भीती आणि एका मांजरावरची माया एवढ्या लहान कथेत एकत्र नांदतात, याला मी या प्रकाराचे खरे आकर्षण म्हणेन.

युद्धाला शेकडो पाने लागतात, असे वाटणाऱ्यांनी आर्थर सी. क्लार्क यांची 1951 ची 'सुपीरिऑरिटी' वाचावी. संपूर्ण आंतरतारकीय युद्ध काही पानांत, तेही हरलेल्या बाजूच्या कैद्याच्या निवेदनातून. दर वेळी अधिक चांगले अस्त्र येते आणि तेच घात करते. यानाभोवतीचे अवकाश ताणणारे एक क्षेत्र बंद केल्यावर यान अगदी पहिल्यासारखे होत नाही. दर वापरागणिक हा सूक्ष्म फरक साचत जातो, मग एका यानाचे सुटे भाग दुसऱ्याला बसेनासे होतात आणि संदेश जुळेनासे होतात. ताफ्याची वर्णने नाहीत, तोफांचा गडगडाट नाही. पराभवाचे कारण मात्र लख्ख समजते.

या प्रकारात सुमार लेखनही ढिगाने झाले, हे मान्य. 'गॅलक्सी' या विज्ञानकथांच्या मासिकाने ऑक्टोबर 1950 च्या पहिल्याच अंकाच्या मागच्या मुखपृष्ठावर घोडेस्वाराचा एक उतारा आणि अवकाशवीराचा एक उतारा शेजारी शेजारी छापून दोन्हींत काही फरक नसल्याचे दाखवून दिले होते. आजही पहिल्याच परिच्छेदात पाच ग्रह, तीन राजघराणी आणि हजार वर्षांचा इतिहास कोंबला की कथा मेलीच. एक यान, एका पात्राची नजर आणि एकच शोध घेतला, तर बाकीचे साम्राज्य संवादांतून आपोआप उभे राहते. आलिएत द बोदार यांच्या 'इमर्शन' या कथेला 2012 चा नेब्युला, म्हणजे अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार, मिळाला. तिच्यात लढाई नाही. परक्या संस्कृतीत वावरता यावे म्हणून अंगावर चढवायचे एक उपकरण आहे आणि त्याखाली हरवत जाणारी एक स्त्री आहे. तेवढ्यावरून सत्ता कुणाची ते कळते.

जाता जाता आणखी एक. आपल्या पुरवणीतल्या कथेला हजार शब्दांची मर्यादा आहे. नेब्युलाच्या नियमांत लघुकथा 7,500 शब्दांपर्यंत धरली जाते. हजार शब्दांत जे मावते तेवढीच लघुकथा, असा समज वाचकांचा आणि बहुधा आपल्या लेखकाचाही त्यामुळेच झाला असावा. शिवाय मागच्या महिन्यात छापलेल्या अनुवादित विज्ञानकथेला अनुवादकाचे नाव नव्हते आणि मूळ कथेचे वर्षही नव्हते. विज्ञानकथेत वर्ष कळणे फार गरजेचे असते, कारण लेखकाला तेव्हा काय ठाऊक होते हे त्यावरूनच समजते. कृपया ही दोन्ही माहिती यापुढे द्यावी आणि चार-पाच हजार शब्दांची एखादी कथा लागोपाठच्या दोन रविवारी विभागून छापण्याचा विचार करावा.

आपला,
एक नियमित वाचक